इंग्रजीतली विशेषणं आणि क्रियाविशेषणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरदार, गृहिणी, बारावीची मुलं आणि मुलांचा अभ्यास घेता घेता स्वतःच अडकलेले पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची अडचण बोलतानाची असल्याने इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत. स्पेलिंगचा मुद्दा असेल तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

१. विशेषण म्हणजे काय आणि क्रियाविशेषण म्हणजे काय, हे पाठ आहे. तरी बोलताना चूक होतेच. असं का?

कारण मराठीत ही चूक होऊच शकत नाही. 'छान मुलगी' आणि 'मुलगी छान गाते' या दोन्हींत 'छान' तोच राहतो. 'चांगला' तर क्रियेबद्दल बोलतानाही माणसाप्रमाणे बदलतो: तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते, ते चांगले खेळतात. म्हणजे हा शब्द नामाला चिकटलाय की क्रियापदाला, याचा हिशेब आपल्या कानाला ठेवावाच लागत नाही. इंग्रजीत तो ठेवावा लागतो. 'अ ब्यूटिफुल गर्ल', पण 'द गर्ल सिंग्ज ब्यूटिफुली'. शब्द कुणाला चिकटलाय ते आधी बघायचं, रूप नंतर ठरवायचं. व्याख्या पाठ करून ही सवय लागत नाही. पुढच्या उत्तरातल्या कसोटीने लागते.

२. बोलता बोलता पटकन ओळखायची काही युक्ती आहे का?

आहे, आणि ती मराठीतूनच करायची. वाक्य मनात मराठीत म्हणा आणि त्या शब्दाला 'रीतीने', 'पणे' किंवा नुसता 'ने' जोडून बघा. अर्थ टिकला तर क्रियाविशेषण, वाक्य हास्यास्पद झालं तर विशेषण.

'ती चांगल्या रीतीने गाते' चालतं, म्हणून 'शी सिंग्ज वेल'. 'भाजी चांगल्या रीतीने लागते' असं कुणी म्हणत नाही, म्हणून 'द भाजी टेस्ट्स गुड'. 'तो रागाने बघत होता' हे 'ही वॉज लुकिंग ॲट मी अँग्रिली', पण 'तो रागावलेला दिसत होता' हे 'ही लुक्ड अँग्री'.

'काल', 'तिथे', 'खूप', 'नेहमी' या शब्दांना ही कसोटी लावू नका. काळ, स्थळ आणि प्रमाण सांगणाऱ्या क्रियाविशेषणांत रूपाचा घोळ नसतो, जागेचा असतो. त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

३. विशेषणाला एलवाय जोडलं की क्रियाविशेषण तयार, हे बरोबर ना?

बहुतेक वेळा, हो. स्पेलिंग मात्र सांभाळावं लागतं. 'हॅपी'तला वाय जाऊन आय येतो: 'हॅपिली'. 'जेंटल'सारख्या शब्दांत शेवटचा ई जाऊन नुसता वाय लागतो: 'जेंटली'. आयसी शेवटी असेल तर एएलएलवाय जोडतात: 'बेसिकली', 'ऑटोमॅटिकली'. याला ठळक अपवाद 'पब्लिकली'. तिथे पब्लिकला थेट एलवाय लागतं.

अर्जाच्या शेवटी 'युवर्स ट्रूली' लिहिताना ट्रूमधला ई ठेवणारे फार आहेत. तो जातो: टी-आर-यू-एल-वाय. 'सिन्सिअरली'मधला ई मात्र राहतो. पानभर अर्ज चोख लिहून सहीच्या वरच्याच शब्दात चूक, असं सर्रास दिसतं.

काही विशेषणांचं असं रूप वापरात नसतं. 'डिफिकल्ट'चं 'डिफिकल्टली' करू नका, 'विथ डिफिकल्टी' म्हणा. ज्यांना एलवाय लागतच नाही असे शब्द प्रश्न ८ मध्ये आहेत.

४. 'फ्रेंडली'च्या शेवटी एलवाय आहे, मग ते क्रियाविशेषण का नाही?

एलवाय कशाला जोडलंय ते बघा. विशेषणाला जोडलं तर सहसा क्रियाविशेषण होतं, नामाला जोडलं तर सहसा विशेषण. 'फ्रेंड' हे नाम, म्हणून 'फ्रेंडली' विशेषण. 'लव्हली', 'कॉवर्डली' तसेच. 'लोनली', 'अग्ली', 'सिली', 'एल्डरली' हेही विशेषणांतच धरा. 'ही टॉक्ड टू मी फ्रेंडली' चूक आहे. 'इन अ फ्रेंडली वे' म्हणायचं.

'डेली', 'वीकली', 'मंथली' दोन्हीकडे चालतात: 'अ डेली पेपर' आणि 'द पेपर कम्स डेली'.

५. 'गुड' आणि 'वेल' यांत फरक काय? 'हाऊ आर यू'ला 'आय ॲम गुड' म्हटलं तर चालतं का?

'गुड' विशेषण, 'वेल' त्याचं क्रियाविशेषण. 'हर इंग्लिश इज गुड', 'शी स्पीक्स इंग्लिश वेल'. 'शी स्पीक्स गुड इंग्लिश'सुद्धा बरोबर, कारण तिथे 'गुड' भाषेला चिकटलंय. 'शी स्पीक्स गुड' एवढंच म्हणू नका.

तब्येतीबद्दल बोलताना 'वेल' स्वतःच विशेषण होतं: 'आय ॲम नॉट वेल' म्हणजे बरं नाही. 'आय ॲम गुड' हे 'मजेत' या अर्थाने आज सगळीकडे बोललं जातं आणि त्यात काही वावगं नाही. आजीच्या ऑपरेशननंतर कुणी चौकशी केली, तर मात्र 'शी इज वेल नाऊ'. 'शी इज गुड' म्हटलं तर आजी स्वभावाने चांगली आहे, असाही अर्थ निघतो.

६. लुक, फील, स्मेल, टेस्ट, साउंड ही क्रियापदंच आहेत, मग त्यांच्यापुढे विशेषण कसं चालतं?

ही क्रियापदं अशा जागी क्रिया सांगतच नाहीत, ती कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडतात. 'द मिल्क स्मेल्स बॅड' यात दूध वास घेण्याचं काम करत नाही, दूध खराब झालंय एवढंच कळतं. म्हणून वर्णन दुधाचं, म्हणून विशेषण. बी, सीम, बिकम, गेट, टर्न, ग्रो, रिमेन हीही याच गटातली: 'इट गॉट डार्क', 'शी रिमेन्ड काम'.

यातली काही क्रियापदं दुहेरी आहेत, म्हणून नुसती यादी पाठ करून भागत नाही. 'द डॉक्टर फेल्ट माय रिस्ट केअरफुली' यात डॉक्टर खरोखर मनगट चाचपतायत, म्हणून 'केअरफुली'. प्रश्न २ ची कसोटी इथे कधी दगा देत नाही.

७. 'आय फील बॅड' की 'आय फील बॅडली'?

'आय फील बॅड'. वाईट रीतीने वाटत नाही, वाईट वाटतं. जास्त शुद्ध बोलायच्या नादात लोक 'बॅडली' म्हणतात आणि नेमके तिथेच चुकतात. 'बॅडली' आपल्या जागी ठीक आहे: 'द टीम प्लेड बॅडली', किंवा 'आय बॅडली नीड अ ब्रेक'. दुसऱ्या वाक्यात त्याचा अर्थ 'अगदी निकडीने' असा आहे.

८. 'ही रन्स फास्टली' का चुकीचं? आणि 'हार्डली'चं काय?

'फास्टली' असा शब्द वापरात नाही. 'फास्ट' दोन्ही कामं करतं. 'हार्ड', 'लेट', 'अर्ली', 'स्ट्रेट' हेही तसेच. यातल्या बहुतेकांमागे एक कारण आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी एक ई जोडून क्रियाविशेषण होत असे. पुढे तो उच्चार झिजून गेला आणि दोन्ही रूपं सारखी दिसू लागली. बऱ्याच शब्दांनी एलवायचा आधार घेतला, हे काही तसेच राहिले.

खरा धोका पुढे आहे. यातल्या काहींना एलवाय लागतं, पण अर्थच बदलतो. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. मुलाखतीला बसलेला उमेदवार छाती फुगवून 'आय वर्क्ड हार्डली इन माय लास्ट जॉब' म्हणतो, तेव्हा समोरच्याला ऐकू येतं ते 'आधीच्या नोकरीत मी फारसं काम केलं नाही'. आणि पुढचा प्रश्न येतो, तो नोकरी का सोडली हा! 'आय वर्क्ड हार्ड' म्हणायचं.

तसंच 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'निअर' म्हणजे जवळ, 'निअरली' म्हणजे जवळपास, 'निअरली फिफ्टी पीपल'. 'फ्री' म्हणजे फुकट, 'फ्रीली' म्हणजे मोकळेपणाने. 'चिल्ड्रन ट्रॅव्हल फ्री' यात तिकीट नाही, 'चिल्ड्रन मूव्ह फ्रीली' यात आडकाठी नाही.

'हार्डली'त नकार आधीच असतो, त्यामुळे 'आय कान्ट हार्डली हिअर' म्हणू नका. 'आय कॅन हार्डली हिअर' पुरे.

९. घाटातल्या पाटीवर 'गो स्लो' असतं, ॲपलची जाहिरात 'थिंक डिफरंट' होती. ते चुकीचं इंग्रजी का?

'गो स्लो' चूक नाही. 'स्लो' हे जुनं क्रियाविशेषणही आहे. पाटीवर, आज्ञेत, बोलण्यात चालतं. 'ड्राइव्ह सेफ'सुद्धा बोलताना सर्रास ऐकू येतं. परीक्षेत आणि ऑफिसच्या पत्रात 'स्लोली', 'सेफली' लिहा, म्हणजे वाद नको.

'थिंक डिफरंट' १९९७ ची. ती आली तेव्हाही 'डिफरंटली' हवं, अशी टीका झाली. पण तिथे 'डिफरंट' हे विचार करण्याची रीत सांगण्याऐवजी विचाराचा विषय म्हणूनही वाचता येतं, 'मोठा विचार कर' म्हणतो तसं. जाहिरातवाल्यांना तेवढी मुभा असते. उत्तरपत्रिकेत आपल्याला नसते.

१०. 'मला बोअर होतंय' हे 'आय ॲम बोरिंग' का नाही?

'आय ॲम बोरिंग' म्हणजे मी कंटाळवाणा आहे! भावना जो देतो त्याला आयएनजी, भावना ज्याला होते त्याला ईडी. 'द लेक्चर वॉज बोरिंग, सो आय वॉज बोअर्ड'. कन्फ्यूझिंग-कन्फ्यूज्ड, टायरिंग-टायर्ड, इंटरेस्टिंग-इंटरेस्टेड सगळ्या जोड्या अशाच. नोकरीच्या अर्जात 'आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस पोस्ट' लिहून पाठवणारे दरवर्षी भेटतात. 'इंटरेस्टेड इन'.

११. क्रियाविशेषण वाक्यात नेमकं कुठे ठेवायचं?

मराठीत जागेची फार सक्ती नाही, म्हणून इथे सगळ्यांत जास्त घसरायला होतं.

पहिली गोष्ट: इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये सहसा कुणाला घुसू देत नाहीत. 'शी स्पीक्स व्हेरी वेल इंग्लिश' चूक, 'शी स्पीक्स इंग्लिश व्हेरी वेल' बरोबर. 'आय लाइक व्हेरी मच मिसळ' चूक, 'आय लाइक मिसळ व्हेरी मच' बरोबर.

ऑल्वेज, ऑफन, नेव्हर, युज्वली हे किती वेळा ते सांगणारे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी येतात: 'ही ऑल्वेज कम्स लेट'. ॲम, इज, आर, वॉज यांच्या मात्र नंतर: 'ही इज ऑल्वेज लेट'. सहायक क्रियापद असेल तर त्याच्यानंतर: 'आय हॅव नेव्हर सीन स्नो'.

स्थळ आधी, काळ नंतर: 'आय वेंट टू नाशिक येस्टरडे'. काळ वाक्याच्या सुरुवातीलाही चालतो. पण 'मी काल नाशिकला गेलो'च्या चालीवर 'आय येस्टरडे वेंट टू नाशिक' म्हणू नका, ती चाल आपली आहे.

१२. 'व्हेरी', 'टू' आणि 'इनफ' कधी वापरायचं?

'व्हेरी' म्हणजे खूप, त्यात तक्रार नाही. 'टू' (टी-ओ-ओ) म्हणजे नको इतकं. 'द टी इज व्हेरी हॉट' म्हणजे चहा गरम आहे, 'द टी इज टू हॉट' म्हणजे तोंड भाजेल. परदेशात वाढलेल्या सुनेने हौसेने श्रीखंड केलं आणि सासूबाई कौतुकाने म्हणाल्या 'इट इज टू स्वीट', तर तिच्या लेखी साखर जास्त झाली. कौतुक करायचं तर 'इट इज सो गुड' म्हणा.

क्रियापदाला एकटं 'व्हेरी' लागत नाही. 'आय व्हेरी लाइक इट' नव्हे, 'आय लाइक इट व्हेरी मच'.

'इनफ' विशेषणाच्या नंतर येतं: 'ओल्ड इनफ', 'गुड इनफ'. नामाच्या आधी येतं: 'इनफ मनी'.

१३. 'मी पुण्यातच राहतो' हे 'आय लिव्ह इन पुणे ओन्ली' असं म्हणू का?

आपल्याकडे सगळ्यांना कळतं, बाहेर गोंधळ होतो. आपला 'च' दोन कामं करतो. एक मर्यादा घालण्याचं: दोनच पोळ्या खाल्ल्या. दुसरं ठासून सांगण्याचं: मी आजच आलो. 'ओन्ली' पहिलं काम करतं, दुसरं करत नाही. 'आय केम टुडे ओन्ली' ऐकून परका माणूस 'फक्त आजच्यापुरता आलात का' असं समजू शकतो. ठासून सांगायला 'जस्ट' किंवा 'राइट' घ्या: 'आय केम जस्ट टुडे', 'आय लिव्ह राइट हिअर इन पुणे'. बरेचदा तर आवाजातला जोरच पुरतो आणि 'च'साठी वेगळा शब्द लागत नाही.

१४. 'स्मॉल स्मॉल चिल्ड्रन', 'हॉट हॉट भजी' यात चूक काय?

लहान लहान, गरम गरम, हळू हळू ही आपली द्विरुक्ती, आणि ती गोडही आहे. घरच्या माणसांत खुशाल बोला. प्रमाण इंग्रजीत ती चालत नाही: 'लिटल चिल्ड्रन', 'पायपिंग हॉट भजी', 'ग्रॅज्युअली'. इंग्रजीत जिथे शब्द दोनदा येतो तिथे बहुधा मध्ये 'अँड' असतं: 'मोअर अँड मोअर', 'ओव्हर अँड ओव्हर'. 'व्हेरी व्हेरी' मात्र चालतं.

१५. 'टुडे मॉर्निंग' चूक म्हणतात, मग 'टुमॉरो मॉर्निंग' कसं चालतं?

याला तर्क नाही, रूढी आहे. 'टुमॉरो मॉर्निंग', 'येस्टरडे ईव्हिनिंग' बरोबर. आजसाठी 'धिस मॉर्निंग', 'धिस ईव्हिनिंग'. काल रात्रीसाठी 'लास्ट नाइट', 'येस्टरडे नाइट' नव्हे.

'दोन वर्षांपूर्वी'ला 'बिफोर टू इयर्स' म्हणण्याची चूकही याच घरातली. 'टू इयर्स अगो' म्हणा. आणि आजपासून दोन दिवसांनी येणार असाल तर 'आय विल कम इन टू डेज'.

१६. 'मोअर बेटर', 'एल्डर दॅन', 'सीनियर दॅन' यांतलं काय बरोबर आहे?

तिन्ही चूक. 'बेटर'मध्ये तुलना आलीच, जोर द्यायचा तर 'मच बेटर' किंवा 'फार बेटर'. 'एल्डर' घरातल्या नात्यांपुरतं आणि नामाच्या आधी: 'माय एल्डर ब्रदर'. तुलना करताना 'माय ब्रदर इज ओल्डर दॅन मी'. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांच्यापुढे 'दॅन' येत नाही, 'टू' (टी-ओ) येतं.

१७. बोर्डाच्या परीक्षेत डिग्री बदलायला सांगतात. हमखास मार्क जातात ते कुठे?

डिग्री म्हणजे विशेषणाचं तुलनेचं रूप: हाय, हायर, हायेस्ट. मार्क जातात ते 'अदर' विसरल्यामुळे. कळसूबाई (१६४६ मीटर) महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र' हे मूळ वाक्य. मधली डिग्री: 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र'. 'अदर' गाळलं तर कळसूबाई स्वतःपेक्षाही उंच ठरते. पहिली डिग्री: 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई'.

मूळ वाक्यात 'वन ऑफ द' असेल तर साचा बदलतो. 'मुंबई इज वन ऑफ द लार्जेस्ट सिटीज इन इंडिया' याचं 'व्हेरी फ्यू सिटीज इन इंडिया आर ॲज लार्ज ॲज मुंबई' आणि 'मुंबई इज लार्जर दॅन मोस्ट अदर सिटीज इन इंडिया'. 'वन ऑफ द'नंतर नाम अनेकवचनीच हवं. 'वन ऑफ द बेस्ट प्लेअर' तर क्रिकेटच्या गप्पांत रोज ऐकू येतं.

१८. इंग्रजी विशेषणाचं अनेकवचन होतं का?

नाही. काळा, काळी, काळे, काळ्या ही आपली कसरत तिथे नाही, सगळ्यांना एकच 'ब्लॅक'. यातूनच एक बारीक नियम निघतो: 'द गर्ल इज फाइव्ह इयर्स ओल्ड', पण 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल'. नामाच्या आधी आलं की ते विशेषण झालं, म्हणून 'इयर'चा एस गळाला. 'अ टेन-रुपी नोट', 'अ थ्री-डे कोर्स' तसेच.

१९. एका नामाला चार विशेषणं लावायची असतील तर क्रम कोणता?

पुस्तकात लांबलचक यादी असते: मत, आकार, वय, घडण, रंग, मूळ ठिकाण, साहित्य, उपयोग. ती पाठ करण्यात वेळ घालवू नका. 'सुंदर जुनी हिरवी रेशमी साडी' म्हणून बघा आणि मग 'रेशमी हिरवी जुनी सुंदर साडी'. दुसरं कानाला खटकतं ना? इंग्रजीचाही क्रम बहुतेक वेळा तोच: 'अ ब्यूटिफुल ओल्ड ग्रीन सिल्क सारी'. इथे मराठी कान चक्क उपयोगी पडतो.

२०. 'फ्रँकली', 'होपफुली' वाक्याच्या सुरुवातीला येतात तेव्हा ते कशाचं वर्णन करतात?

अख्ख्या वाक्याचं, किंवा बोलणाऱ्याच्या भूमिकेचं म्हणा. 'ही स्पोक फ्रँकली' म्हणजे तो मोकळेपणाने बोलला. 'फ्रँकली, ही टॉक्स टू मच' यात मोकळेपणा तुमचा आहे, बडबड त्याची. असा शब्द आला की पुढे स्वल्पविराम द्या.

२१. 'पेंट द वॉल रेड', 'मेक द टी स्ट्राँग' यात क्रियापद असूनही विशेषण कसं?

क्रिया झाल्यावर वस्तू कशी झाली, ते सांगायचंय म्हणून. भिंत लाल झाली, चहा कडक झाला. रंगवणं लाल नव्हतं. 'कीप द डोअर ओपन', 'शी मेड हिम हॅपी' याच जातीतले. कर्त्याबाबतही हे घडतं: 'ही केम होम टायर्ड', तो दमून घरी आला. येण्याची रीत दमलेली नव्हती, माणूस दमलेला होता.

क्वचित दोन्ही रूपं बरोबर असतात. 'दे अराइव्ह्ड सेफ' म्हणा किंवा 'दे अराइव्ह्ड सेफली'. पहिल्यात माणसं सुखरूप आहेत, दुसऱ्यात प्रवास नीट झाला. परीक्षक दोन्हींना मार्क देईल. लिहिताना 'सेफली' जास्त दिसतं, एवढाच फरक.